वाकळीच्या चार कडा : वृद्धाश्रमात गटाने कला-उपक्रम कसे चालवावेत

श्रावण लागला की कोल्हापूर परिसरातील कोणत्याही वृद्धाश्रमात कार्यक्रमांना तोटा नसतो. एखादे महिला मंडळ भजन म्हणून जाते, महाविद्यालयातील मुले-मुली राख्या बांधतात, कुणाच्या तरी वाढदिवसानिमित्त केळी आणि बिस्किटांचे पुडे वाटले जातात, छायाचित्रे निघतात आणि पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की खुर्च्या पुन्हा भिंतीला लागतात. तासभर तीस माणसे एकाच दिशेला तोंड करून बसलेली असतात, आणि त्या तासात शेजारच्या खुर्चीवरील माणसाशी कुणी चार शब्द बोललेले नसते. येणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मात्र ज्याला आपण एकटेपणा म्हणतो, त्याला अशा कार्यक्रमाने ओरखडाही उठत नाही.

गेली काही वर्षे मी अशाच एका आश्रमात आठवड्यातून एकदा कलेचा तास घेतो. त्यात जे जमले आणि जे फसले, त्यावरून ही मांडणी केली आहे. आश्रमाचे व्यवस्थापक, तेथे राबणाऱ्या सेविका आणि स्वयंसेवक म्हणून जाऊ इच्छिणारे तरुण यांना ती उपयोगी पडावी. सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच अट आहे : शेजारच्या माणसाच्या हाताशिवाय आपले काम पुढे सरकणार नाही, अशी उपक्रमाची रचना असली पाहिजे.

ही अट का, हे आधी सांगितले पाहिजे. आश्रमात दोन खाटांमध्ये तीन फुटांचे अंतर असते, पण त्या खाटांवरील दोन बायका दोन वेगळ्या गावांच्या, वेगळ्या जातींच्या, वेगळ्या संसारांतून आलेल्या असतात. आपल्याकडे ओळख काढण्याची रीत म्हणजे विचारपूस. मुले किती, कुठे असतात, भेटायला येतात का, हेच प्रश्न आपण घराघरांत ओळख वाढवण्यासाठी विचारतो आणि नेमके हेच प्रश्न वृद्धाश्रमात सर्वाधिक बोचतात. उत्तर द्यायला नको म्हणून माणूस प्रश्नच टाळतो आणि मग बोलणेही टाळतो. दोघींच्या मध्ये एखादी वस्तू आली, म्हणजे कापड, माती किंवा टाळ आला, की बोलण्याला विषय मिळतो आणि तो विषय त्यांचे दुःख नसतो. “हा टाका जरा जवळ घ्या की,” या वाक्याने सुरू झालेली ओळख कधीतरी मुलांपर्यंत पोहोचते, पण तेव्हा ती ज्याची त्याने, आपल्या सवडीने पोहोचवलेली असते.

आधी हातांची विचारपूस

“तुम्हाला कोणता छंद आहे?” असा प्रश्न कृपया विचारू नये. ज्या बाईने पहाटे चारला उठून वैरण-पाणी केले आणि रात्री सगळ्यांची ताटे उचलून झोपली, तिच्या आयुष्यात छंद नावाचा कप्पाच नव्हता. ती “मला कुठलं काय येतंय” असे म्हणून विषय संपवते. त्याऐवजी तिच्या हातांनी काय काय केले ते विचारावे. कोल्हापूर जिल्ह्यात या प्रश्नाला मिळणारी उत्तरे थक्क करणारी असतात. हुपरीच्या बाईने घरबसल्या चांदीच्या पैंजणांची जोडणी केलेली असते. इचलकरंजीच्या माणसाने यंत्रमागावर आयुष्य काढलेले असते. कुणी उद्यमनगरात लेथ चालवलेला असतो, कुणी गुऱ्हाळावर गूळ उतरवलेला असतो, तर कुणी चपलेची वेणी घातलेली असते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते अशाच हातांच्या जोरावर. कडीत कडी अडकवण्याची सवय असलेल्या बोटांना मण्यांची माळ नवी नसते. चपलेची वेणी घालणाऱ्याला दोऱ्याची वेणी शिकवावी लागत नाही. उलट तोच शिकवू शकतो, आणि शिकवणारा माणूस गटात आपोआप स्थिरावतो.

या पहिल्या भेटीतच प्रत्येकाला काय म्हणून हाक मारायची, हेही विचारून घ्यावे. सरसकट सगळ्यांना ‘आजी’ आणि ‘आजोबा’ म्हणणे बाहेरच्या माणसाला प्रेमळ वाटते. पण चाळीस वर्षे शाळेत ‘बाई’ असलेल्या स्त्रीला त्यात स्वतःची ओळख पुसल्यासारखी वाटू शकते. कुणी आक्का असते, कुणी वहिनी, कुणी तात्या, कुणी गुरुजी. ती हाक वहीत लिहून ठेवावी आणि गटातल्या सर्वांनी तीच वापरावी.

गट, वेळ आणि बैठक

एका गटात सहा ते आठ माणसे पुरेत. दहाच्या पुढे गेले की दोन-तीन बोलकी माणसे तास चालवतात आणि उरलेली प्रेक्षक होतात. वार आणि वेळ ठरलेली असावी, माणसेही शक्यतो तीच असावीत, कारण ओळख सातत्याने होते, नावीन्याने होत नाही. सकाळी आंघोळ, नाश्ता आणि औषधे उरकल्यावर साडेदहाच्या सुमारास किंवा दुपारच्या चहानंतर चारला बसावे. स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांची घालमेल दिवेलागणीला वाढते, म्हणून तास त्याआधी संपवावा. पाऊण तास ही चांगली मर्यादा आहे.

खुर्च्या गोलाकार किंवा नालाच्या आकारात मांडाव्यात, त्यांना हात असावेत म्हणजे उठताना आधार मिळतो, आणि वॉकर हाताशी राहील एवढी जागा असावी. टीव्ही बंद करावा. पंख्याचा घरघराट होत असेल तर तोही शक्य असेल तेव्हा बंद ठेवावा. वयानुसार ऐकू येणे कमी होते तेव्हा आधी उंच पट्टीचे स्वर हरवतात. त्यामुळे कानाशी ओरडण्यापेक्षा समोर बसून, चेहऱ्यावर उजेड पडेल असे पाहून, खालच्या पट्टीत पण स्पष्ट, सावकाश बोलावे. कुणाचा कोणता कान चांगला आहे हे सेविकांना ठाऊक असते. त्यानुसार शेजार ठरवावा. हे वाचताना क्षुल्लक वाटेल, पण एकमेकींच्या बहिऱ्या कानाकडे बसलेल्या दोन बायका वर्षभर शेजारी बसूनही अनोळखी राहू शकतात. मी हे पाहिले आहे, आणि त्या दोघींना तसे बसवणारा मीच होतो.

पहिले सहा-आठ आठवडे गाणे

कोणती कला आधी घ्यावी, याचे उत्तर माझ्या अनुभवात गाणे असे आहे आणि त्याला अभ्यासाचाही दुजोरा मिळतो. ब्रिटनमध्ये प्रौढांच्या वर्गांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात गायन, हस्तकला आणि लेखन अशा तीन प्रकारच्या गटांची सात महिने तुलना करण्यात आली. गाणाऱ्या गटांत जवळीक लवकर निर्माण झाली. महिने उलटले तसे बाकीचे गटही त्यांच्या बरोबरीला आले. म्हणजे गाणे इतर कलांपेक्षा श्रेष्ठ आहे असे नव्हे. पहिला संकोच मोडण्याचे काम मात्र ते लवकर करते, म्हणून त्याने सुरुवात करावी आणि मग हस्तकलेकडे वळावे.

पट्टीकडे लक्ष द्यावे. वयाबरोबर विशेषतः बायकांचा आवाज खाली उतरतो. तरुणपणी पेटीच्या काळी पाच या वरच्या पट्टीत सहज गाणाऱ्या बाईला आता त्याखालची काळी तीनही जड जाते, आणि बाहेरून आलेला पेटीवाला आपल्या सवयीच्या पट्टीत सुरू झाला की अर्धा गट दुसऱ्याच ओळीला गप्प होतो. त्यामुळे सूर गटातल्या सर्वांत खालच्या आवाजाच्या व्यक्तीकडून घ्यावा. शब्द छापून द्यायचे असतील तर अक्षर वर्तमानपत्राच्या मथळ्याएवढे मोठे असावे, पण एका कागदात दोघांनी पाहावे अशा बेताने कागद कमीच द्यावेत.

भजनापाशी एक सावधगिरी हवी. भजन सर्वांना येते असे आपण गृहीत धरतो, पण या जिल्ह्यातील आश्रमांत जैन, लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती अशी सर्व माणसे असतात. एकाच परंपरेची गाणी सतत घेतल्यास काहीजण न बोलता मागच्या रांगेत सरकतात. जात्यावरची ओवी हा त्यावरचा उत्तम तोडगा आहे, कारण ती कुणा एकाची नसते आणि गाणारी बाई ती जागच्या जागी जोडत असते. आमच्याकडे मी पहिली ओळ देतो, “पहिली माझी ओवी गं, रंकाळ्याच्या पाण्याला,” आणि मग डावीकडून एकेकजण पुढची जोडतो. एका आक्कांनी अडून बसत तीन आठवडे “मला न्हाई येत गाणं-बिणं” एवढेच म्हटले. चौथ्या आठवड्यात शेजारची बाई दुसऱ्या ओळीला अडकली, तेव्हा याच आक्कांनी खालमानेने यमक पुरवले : “म्हशी बशिवल्या पाण्यात, कोन बोलवू धन्याला.” टाळ्या पडल्या नाहीत, पण अडकलेल्या बाईने त्यांचा हात दाबला. त्या दिवसापासून दोघी एका बाकावर चहा घेतात.

पुरुष बहुधा दारात उभे राहून बघतात. त्यांना “या, गाऊया” म्हणून बोलावल्यास ते येत नाहीत; काम सांगितल्यास येतात. जुन्या पेठांतील माणसांच्या कानात हलगी मुरलेली असते. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात हलगीच्या तालावर कुस्ती बघत वाढलेल्या माणसाला ठेका शिकवावा लागत नाही. हलगी कडाडून वाजवली तर श्रवणयंत्र लावलेल्यांना त्रास होतो, म्हणून बोटांनीच किंवा डफावर हलका ठेका धरायला सांगावे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या मांडीवर डफाची कड टेकवली की ठेका त्यांनाही कळतो.

वाकळ

आता माझ्या आवडीचा भाग. आपल्याकडे जिला वाकळ म्हणतात ती गोधडी ही मूळचीच गटाने करण्याची वस्तू आहे. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे, कडा दुमडून टाचायच्या आणि चारही बाजूंनी बायकांनी बसून धावदोऱ्याने आत आत येत जायचे. एकटीने शिवलेल्या वाकळीत चुण्या पडतात, कारण कापड समोरून कुणी ताणून धरलेले नसते. आपली अट या वस्तूतच शिवलेली आहे.

आश्रमात पूर्ण वाकळ जमिनीवर घेता येत नाही, कारण बहुतेकांच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. म्हणून जेवणाच्या टेबलावर मावेल एवढी, साधारण तीन फूट बाय चार फुटांची, मांडीवर घेण्याजोगी वाकळ करावी. वरच्या थरासाठी प्रत्येकाकडून एक कापड मागावे. हे मागणे नाजूक असते. एका काकूंनी नवऱ्याच्या सदऱ्याची बाही आणून दिली आणि “पाठ ठेवली मी, बाही घ्या” असे म्हणाल्या. अशा वेळी काहीही विचारू नये, कापड दोन्ही हातांनी घ्यावे आणि ते वाकळीत कुठे लावायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे.

कामाची वाटणी हेच इथले कसब आहे. ज्यांची नजर चांगली आहे त्यांच्याकडे सुईत दोरा ओवण्याचे काम द्यावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आमचे एक तात्या शिवत काहीच नाहीत, पण आठ सुया ओवून ठेवतात आणि त्यांच्याशिवाय तास सुरू होत नाही. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी कापड ताणून धरावे. ज्यांना पक्षाघातामुळे एकच हात चालतो त्यांनी दोऱ्याचे रीळ सांभाळावे आणि मागेल त्याला दोरा सोडावा. ज्यांना दिसतच नाही त्यांनी थरांवरून बोटे फिरवून कुठे चुणी पडली ते सांगावे. हे काम डोळसांपेक्षा त्यांनाच चांगले जमते. कात्री मुद्दाम दोनच ठेवाव्यात. आठ जणांना आठ कात्र्या दिल्या की खोलीत शांतता पसरते. दोन ठेवल्या की मागणे, देणे, कुरकुरणे आणि हसणे सुरू होते.

रंगांबाबत एक लक्षात ठेवावे. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा-हिरवा फरक ओळखणे अवघड जाते, त्यामुळे गडद कापडावर पांढरा किंवा पिवळा दोरा आणि फिक्या कापडावर लाल दोरा द्यावा. सुया जाड आणि मोठ्या नेढ्याच्या घ्याव्यात. तास सुरू होताना सुया मोजाव्यात आणि संपताना पुन्हा मोजाव्यात, कारण मधुमेह असलेल्या माणसाच्या पायात गेलेली सुई त्याला अनेकदा जाणवतही नाही आणि जखम चिघळते.

टाके वाकडे येतील. ते उसवून सरळ करण्याची स्वयंसेवकांची हौस मोडून काढावी. सगळ्यांच्या देखत एकाचा टाका उसवला तर तो माणूस पुढच्या आठवड्यात डोके दुखते म्हणून येत नाही. आमच्या एका आक्कांना मात्र वाकडा टाका खपत नाही : “बोटात सुई गेली तर चालंल, पर टाका वाकडा नको.” त्या स्वतःचा टाका उसवतात, शेजारणीचाही उसवतात, त्यावरून वाद होतो, आणि तो वाद मी मिटवत नाही. गटातल्या गटात भांडता येणे हीसुद्धा जवळीकच आहे.

ज्येष्ठ-आषाढात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, आला की मातीचे बैल करावेत. शहरातील कुंभार गल्ल्यांमध्ये माती सहज मिळते. एकाने धड, दुसऱ्याने शिंगे, तिसऱ्याने वशिंड अशी वाटणी करावी. ज्यांची बोटे आखडली आहेत त्यांनी कोमट पाण्यात हात शेकून माती फक्त मळावी.

ज्यांना आठवत नाही, त्यांच्यासाठी

स्मृतिभ्रंश झालेल्यांना “ओळखा पाहू हे कोण?” असे विचारणे म्हणजे परीक्षेला बसवणे आहे. अमेरिकेत नाट्य-अभ्यासक ॲन बास्टिंग यांनी १९९६ साली मिलवॉकी येथील एका शुश्रूषागृहात वेगळी वाट धरली. आठवण विचारायची नाही, एक चित्र समोर ठेवायचे आणि सर्वांनी मिळून त्याची गोष्ट रचायची. ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालते. कोल्हापूरच्या गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हैस उभी आहे आणि एक माणूस पेला घेऊन धारोष्ण दुधाची वाट बघतो आहे, असे छायाचित्र मोठे छापून घ्यावे. म्हशीचे नाव काय ठेवू या? या पाहुण्याला एवढी घाई कशाची? जे उत्तर येईल ते बरोबर. प्रत्येक वाक्य बोलीतल्या शब्दांसकट, एक अक्षरही न सुधारता, फळ्यावर लिहावे आणि दर चार वाक्यांनी पहिल्यापासून मोठ्याने वाचावे. म्हाताऱ्या माणसाचे वाक्य कुणीतरी लिहून घेतले आहे, ही गोष्ट आश्रमात फार दुर्मिळ असते. जे तिथले काम करतात त्या मावशींनाही या गोष्टीत वाक्य घालू द्यावे. रोज अंग पुसणारी मावशी आणि अंग पुसून घेणारी बाई यांनी एकाच म्हशीला नाव ठेवले, तर दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीची तऱ्हाच बदलते.

स्पर्धा नको, नोंद हवी

पहिल्या वर्षी मी एक चूक केली. टेबलावर ट्रेमध्ये रांगोळी काढण्याचा उपक्रम छान रंगला होता. त्याला मी स्पर्धेचे रूप दिले आणि पहिले बक्षीस म्हणून जेवणाचा डबा ठेवला. तो डबा एका बाईंना मिळाला, त्यांच्या खोलीतील दुसऱ्या बाईंना मिळाला नाही, आणि सहा महिन्यांची मैत्री त्या डब्यापायी तुटली. नंतर दोघी एका पंगतीत जेवायलाही बसेनात. तेव्हापासून क्रमांक, प्रमाणपत्रे आणि परीक्षक हे सगळे बंद आहे. प्रदर्शन करायचे असेल तर जेवणघराच्या बोळात करावे आणि खाली एकाचे नाव न लिहिता गटातल्या सर्वांची नावे लिहावीत. छायाचित्रे काढण्याआधी ज्याची त्याची परवानगी घ्यावी. नातेवाईकांना कळू नये म्हणून आश्रमात राहणारी माणसेही असतात.

उपक्रम लागू पडतो आहे की नाही, हे हजेरीच्या आकड्यावरून कळत नाही. मी एका वहीत दर आठवड्याला तीनच गोष्टी टिपतो : कोण कुणाशेजारी आपणहून बसले, जो आला नाही त्याची चौकशी कुणी केली आणि तासाबाहेर कोण कुणाबरोबर दिसले. तिसरी गोष्ट सेविकांना विचारावी लागते आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. तीन महिन्यांत दुसऱ्या रकान्यात एकही नाव आले नाही, तर चूक माणसांची नसून उपक्रमाची आहे असे समजून रचना बदलावी.

जो आजारी पडून खोलीत आहे, त्याच्याकडे गटातल्या एकाने काम घेऊन जावे. वाकळीचा तुकडा, चार मणी, गोष्टीचा पुढचा प्रश्न, काहीही चालेल. स्वयंसेवकाने स्वतः न जाता गटातल्या माणसाला पाठवावे आणि वाटल्यास दारापर्यंत सोबत करावी.

आणि गटातले माणूस जाते, तेव्हा खुर्ची लगेच उचलू नये. गेल्या पावसाळ्यात एका कडेला बसणाऱ्या वहिनी गेल्या. त्यांची कड वीतभर शिवायची राहिली होती आणि सुई दोऱ्यासकट कापडातच टोचलेली होती. पुढच्या आठवड्यात मी वाकळ टेबलावर पसरली आणि काहीच बोललो नाही. बऱ्याच वेळाने तात्यांनी ती सुई काढली, जुना दोरा वहिनींच्या शेवटच्या टाक्यापाशी गाठ मारून तोडला, नवा दोरा ओवला आणि सुई आक्कांपुढे धरली. आक्का म्हणाल्या, “तिचा टाका मोठा असायचा,” आणि त्यांनी त्या कडेला मुद्दाम मोठे टाके घातले.